झाकली मूठ देवासमोर उघडताना : स्तोत्र १३९ सोबत दोन आठवडे

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३९वं स्तोत्र ज्या गोष्टीनं सुरू होतं, तीच गोष्ट मागत संपतं. पहिल्या वचनात स्तोत्र रचणारा दावीद म्हणतो, परमेश्वरा, तू मला पारखलं आहेस, तू मला ओळखतोस. तेविसाव्या वचनात तोच म्हणतो, देवा, मला पारख, मला ओळख. मूळ इब्रीत, म्हणजे हिब्रू भाषेत, दोन्हीकडे तीच दोन क्रियापदं आहेत. मग जे आधीच झालेलं आहे ते हा माणूस पुन्हा का मागतो?

गेली अनेक वर्षं मी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांबरोबर हे स्तोत्र वाचते आहे, आणि दर वेळी याच प्रश्नाशी येऊन थांबते. पहिल्या वचनात देव मला ओळखतो. त्यासाठी त्यानं माझी परवानगी घेतलेली नाही. शेवटी मात्र मीच त्याला म्हणते, ये, बघ. मधल्या एकवीस वचनांत हा माणूस तिथपर्यंत कसा पोहोचतो ते दिसतं. खाली दिलेला सराव त्याच वाटेनं जातो. मंडळीत वर्षानुवर्षं येऊनही ज्यांना देवासमोर एकटं बसायला अवघड जातं, त्यांच्यासाठी हा मुख्यतः लिहिला आहे.

साधारण दोन आठवडे लागतात. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. एक पवित्र शास्त्र आणि एक वही लागेल. ही वही घरात कोणी उघडणार नाही अशी जागा आधी शोधा. बारीकशी वाटली तरी ही गोष्ट टाळू नका. कोणी वाचेल या भीतीनं लिहिणारी बाई देवालाही तेवढंच सांगते जेवढं सासूला सांगेल.

आधी भीतीचं बघू

लहानपणी शब्बाथशाळेत आम्हाला सांगत, "देव सगळं पाहतोय हं." हे वाक्य यायचं ते नेहमी आमच्यातल्या कोणी काही चोरल्यावर किंवा खोटं बोलल्यावर. जेवणाच्या सुट्टीत एकटी बसलेल्या मुलीला कोणी कधी म्हटलं नाही की देव तुला पाहतोय. त्यामुळे देवाचं पाहणं म्हणजे पकडणं, असं माझ्या मनात घट्ट बसलं, आणि ते सुटायला पुढे फार वर्षं गेली.

म्हणून पहिले दोन दिवस स्तोत्र उघडूच नका. उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचा. आदाम आणि हव्वा अंजिराची पानं शिवून नेसतात, झाडांमध्ये लपतात, आणि देव विचारतो, "तू कोठे आहेस?" ज्याला सगळं ठाऊक आहे तो हे विचारतो तेव्हा त्याला ठिकाणाची माहिती नको असते, त्याला उत्तर देणारा माणूस हवा असतो. नंतर एकविसावं वचन वाचा. आपल्याकडे त्यावर फारसं कोणी बोलत नाही. देव त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि स्वतः त्यांना घालतो. त्यांचं उघडेपण त्यानं पाहिलं आणि त्यांना झाकलं. पानं त्यांनी भीतीपोटी शिवली होती, ती टिकणार नव्हती.

वहीत एवढंच लिहा : देव मला या क्षणी पाहतो आहे असं म्हटल्यावर माझ्या पोटात काय होतं? बरं वाटतं, दडपण येतं, राग येतो, की काहीच होत नाही? जे असेल ते लिहा. राग येत असेल तर ईयोबाचा सातवा अध्याय काढा. तो देवाला 'मनुष्याच्या रक्षका' अशी हाक मारून विचारतो, तू माझ्यावरची नजर कधी काढणार, मला थुंकी गिळण्याएवढीही उसंत का देत नाहीस? हे वाक्य पवित्र शास्त्रात आहे, कोणी खोडून टाकलेलं नाही. देवाच्या नजरेनं थकलेल्या माणसालाही प्रार्थनेत जागा आहे.

तिसरा दिवस : मोठ्यानं वाचा

आता पूर्ण स्तोत्र, चोवीस वचनं, सावकाश मोठ्यानं वाचा. वाचून झालं की पेन्सिलीनं जिथे जिथे ओळखणं, जाणणं, ठाऊक असणं असा शब्द येतो तिथे खूण करा. इब्रीत 'यादा' या एकाच धातूची रूपं इथे सात वेळा येतात. मराठीत ती वेगवेगळ्या शब्दांनी आली आहेत, त्यामुळे शोधावी लागतात. जमलं तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंचं मिळालं तर अवश्य घ्या. केडगावला राहून, त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण शास्त्र मराठीत आणलं, आणि शिकल्या-सवरल्या नसलेल्या बायकांनाही कळावं असा त्यांचा ध्यास होता.

'यादा' म्हणजे नुसती माहिती असणं नव्हे. आदाम आणि हव्वेच्या सहवासासाठीही उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाच शब्द आहे. आपला 'ओळख' हा शब्द इथे फार कामाचा आहे. ओळख म्हणजे परिचय, आणि ओळख म्हणजे मी कोण आहे हेही. ज्याची माझ्याशी पूर्ण ओळख आहे, माझी ओळखही त्याच्यापाशी आहे. हे वाक्य मला मराठीत सुचलं आणि मराठीतच नीट कळतं.

चौथा आणि पाचवा दिवस : कालचा दिवस घेऊन बसा (वचनं १ ते ६)

बसणं, उठणं, चालणं, निजणं आणि जिभेवरचा शब्द. दावीद मोठमोठ्या पापांपासून सुरुवात करत नाही, रोजच्या हालचालींपासून करतो. तुम्हीही तेच करा. काल सकाळपासूनचा दिवस मनात आणा आणि एकेका हालचालीजवळ थांबा. डबा भरताना माझ्या मनात काय चाललं होतं? लोकलमध्ये खिडकीशी बसले तेव्हा कशाचा विचार होता? रात्री दिवा मालवल्यावर झोप लागेपर्यंत काय घोळत होतं? प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणा, "हे तुला ठाऊक होतं." त्यापुढे क्षमा मागू नका, कारणं देऊ नका. अजून नाही.

चौथ्या वचनापाशी जास्त वेळ लागेल. शब्द जिभेवर येण्याआधीच तू तो जाणतोस. आपण ज्याला पोटात एक आणि ओठात एक म्हणतो, ती फट इथे पकडली जाते. कालचं एक संभाषण निवडा. वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे मी काय बोलले, उजवीकडे मला काय म्हणायचं होतं. "नाही हो, काही त्रास नाही" असं म्हणताना उजव्या बाजूला काय होतं? आमच्या गटातल्या बहुतेकींना हा प्रकार पहिल्यांदा करताना रडू आलं, आणि ते लाजेचं रडू नव्हतं. उजवी बाजू इतकी वर्षं कोणीतरी वाचत होतं, हे कळल्याचं ते होतं.

पाचव्या वचनात दावीद म्हणतो, तू मागून-पुढून मला घेरलं आहेस. इब्रीतलं हे क्रियापद शहराला वेढा घालण्यासाठीही वापरतात. त्याच वचनात पुढे हात ठेवल्याचाही उल्लेख आहे. वेढा आणि हात, दोन्ही एकत्र. तुम्हाला आज यातलं कोणतं जाणवतं, तेवढं लिहून वही मिटा.

सहावा आणि सातवा दिवस : मी कुठे पळते? (वचनं ७ ते १२)

आकाश, अधोलोक, पहाटेचे पंख, समुद्राचं पलीकडचं टोक, अंधार. पळायची ही सगळी ठिकाणं दावीदाला आधीच माहीत आहेत, म्हणजे त्यानं त्यांचा विचार केलेला आहे. तुमची ठिकाणं कोणती? माझ्या पाहण्यात सर्वात जास्त आढळलेलं ठिकाण म्हणजे काम, मंडळीचं कामसुद्धा. त्यानंतर फोन. काहींसाठी प्रार्थनेतली ठरावीक वाक्यं हेच लपायचं ठिकाण असतं; तोंड चालू राहतं आणि आतली बाई झाडामागे उभी असते.

सातव्या दिवशी उत्पत्तीचा सोळावा अध्याय वाचा. साराय हिची दासी हागार पळाली आहे, पोटात मूल आहे, शूरच्या वाटेवर रानात झऱ्याजवळ ती थांबली आहे. या अध्यायात अब्राम आणि त्याची बायको साराय तिच्याविषयी बोलतात तेव्हा 'दासी' म्हणतात. तिचं नाव त्यांच्या तोंडी येत नाही. तिला नावानं हाक मारणारा पहिला आवाज परमेश्वराच्या दूताचा आहे. तो विचारतो, तू कोठून आलीस आणि कोठे जातेस? ती पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, दुसऱ्याचं तिच्यापाशी नाही. पुढे तीच देवाला नाव देते : एल-रोई, मला पाहणारा देव. मालकिणीच्या घरातून पळालेली एक मिसरी, म्हणजे इजिप्तमधली, दासी देवाला नाव देते आणि त्या विहिरीला त्यावरून नाव पडतं, याचं मला आजही नवल वाटतं.

तिला परत जायला सांगितलं होतं, हे वचन घेऊन छळ सोसणाऱ्या बाईला घरी परत पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत. हागारेला दिलेली आज्ञा तिच्या प्रसंगातली होती, आश्वासनासह दिलेली होती. आणि पुढे एकविसाव्या अध्यायात ती त्या घरातून कायमची बाहेर पडते तेव्हाही देव तिला रानात पाणी दाखवतो. मार सोसत राहणं हा देवानं ओळखण्याचा अर्थ नाही.

आठवा दिवस : देह (वचनं १३ ते १६)

तेराव्या वचनात मराठीत 'अंतर्याम' असा शब्द येतो. इब्रीत तिथे शब्दशः मूत्रपिंडं आहेत. आपण काळजाला घरं पडणं, आतड्याला पीळ पडणं म्हणतो, तसे इब्री लोक खोलातल्या भावना मूत्रपिंडांत ठेवत. म्हणजे देवानं घडवलं ते नुसतं शरीर नाही, शरीरातली भावनेची जागाही.

या दिवशी फार काही करू नका. आपला हात बघा आणि चौदावं वचन एकदा म्हणा. आजारी असाल, अपंगत्व असेल, मूल गेलं असेल, किंवा मूल झालंच नसेल, तर ही वचनं टोचतील. टोचली तर तसं लिहा आणि पुढे जा. इथे दावीद स्तुती करतो आहे, प्रत्येक गर्भाचं आणि प्रत्येक दुखण्याचं स्पष्टीकरण देत नाही. कोणाच्या दुःखावर ही वचनं उत्तर म्हणून फेकू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं.

नववा आणि दहावा दिवस : जे आपण गाळतो (वचनं १९ ते २२)

उपासनेत हे स्तोत्र वाचताना बहुतेक जण अठराव्या वचनावरून थेट तेविसाव्यावर उडी मारतात. मधली चार वचनं द्वेषाची आहेत. देवा, तू दुर्जनांना ठार मारशील तर किती बरं. मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो. हे गाळून वाचलं की स्तोत्र गोड होतं आणि निरुपयोगी होतं.

विचार करा, अठरा वचनं हा माणूस म्हणतो आहे की तुला सगळं ठाऊक आहे. मग एकोणिसाव्यात तो ते सगळं बाहेर काढतो. मनात जे होतं ते हेच होतं! आणि ते बोलून झाल्यावर लगेच म्हणतो, आता मला पारख. हा क्रम उलटा करता येत नाही. ज्यानं आपला राग देवासमोर मांडलाच नाही, तो पारखायला काय देणार?

नवव्या दिवशी जिच्यावर राग आहे त्या व्यक्तीचं नाव वहीत लिहा आणि तिच्याविषयी जे वाटतं ते सभ्य न करता लिहा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा माझ्या पानावर एका जवळच्या नातेवाइकाचं नाव होतं, घराच्या वाटणीवरून. दोन पानं भरली. दहाव्या दिवशी ती दोन पानं पुढ्यात ठेवून तेविसावं वचन म्हटलं. त्यातला अर्धा भाग मत्सर होता, तो मला दिसला. उरलेला अर्धा खरा अन्याय होता आणि तो खराच राहिला; देवानं तो माझा भ्रम ठरवला नाही. प्रभू येशूनं शत्रूंवर प्रीती करायला आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे, आणि मी तिथे पोहोचायला नंतर बराच काळ घेतला. पण त्या दोन पानांशिवाय निघालेच नसते.

अकरावा ते तेरावा दिवस : मला पारख (वचनं २३ आणि २४)

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पारखण्याचं काम देवाचं आहे. तुम्ही स्वतःला खोदत बसायचं नाही. वचन एकदा म्हणा, मग दहा मिनिटं गप्प बसा. काही सुचलं तर लिहा, नाही सुचलं तर तेवढ्यावर उठा. प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे. ज्यांना स्वतःत सतत खोट काढायची सवय आहे त्यांनी हे वचन वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. योहानाच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, याहूनही दिलाशाचं आहे : आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे आणि त्याला सर्व कळतं. सर्व कळतं म्हणून तो कठोर असेल असं आपण गृहीत धरतो. योहान ते दिलासा म्हणून सांगतो.

तेविसाव्या वचनातले 'विचार' हे इब्रीत चिंतेचे, अस्वस्थ करणारे विचार आहेत. त्यामुळे पाप शोधायला बसलात आणि सापडली काळजी, तर तीही याच प्रार्थनेतली आहे. चोविसाव्यातला 'वाईट मार्ग' म्हणजे शब्दशः दुःख देणारा मार्ग, असाही अर्थ होतो. कोणाला माझ्यामुळे दुखलं आहे का, हा प्रश्न घेऊन एक दिवस बसा.

काही समोर आलं तर काय करायचं? देवासमोर कबूल करा, आणि ज्याचं देणं आहे त्याचं देऊन टाका. पैसे असोत, शब्द असोत. भरवशाच्या एका व्यक्तीला सांगावंसं वाटलं तर सांगा, याकोबाचं पत्र तसं सुचवतं. रोमन कॅथलिक असाल तर पापनिवेदन आहेच. पण देव मला पूर्ण ओळखतो याचा अर्थ मंडळीतल्या कोणालाही माझं मन उकरायचा हक्क मिळाला, असा होत नाही. सभेत उभं करून कबुली काढून घेणाऱ्यांपासून दूर राहा. आणि बसल्यावर जगणंच नको असे विचार येऊ लागले तर सराव तिथेच थांबवा, जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. देवाला हे आधीच ठाऊक आहे. मदत करू शकतील अशा माणसांना ते सांगावं लागतं.

अँग्लिकन परंपरेतल्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या विधीच्या सुरुवातीला एक छोटी प्रार्थना म्हणतात : ज्याच्यापुढे सर्व अंतःकरणं उघडी आहेत आणि ज्याच्यापासून काही गुप्त नाही अशा देवा, आमची मनं शुद्ध कर. १५४९च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकापासून ती चालत आली आहे. पाठ असेल तर या तीन दिवसांत तीच वापरा.

चौदावा दिवस : ओळखणाऱ्याचा चेहरा

आतापर्यंत ओळखणारा देव आहे एवढंच म्हटलं. ख्रिस्ती माणसासाठी त्याला चेहरा आहे. इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय काढा. तेरावं वचन म्हणतं की त्याच्या दृष्टीसमोर सर्व काही उघडं आहे. बहुतेकदा उपदेश इथे थांबतो. चौदा ते सोळा वाचा : आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती असलेला प्रमुख याजक आपल्याला आहे, म्हणून धैर्यानं कृपेच्या राजासनाजवळ या. उघडेपण आणि कृपा यांच्यात एका वचनाचंही अंतर नाही.

मग योहानाचा चौथा अध्याय. सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी आलेल्या शोमरोनी स्त्रीला येशू तिचे पाच पती सांगतो, आणि ती पळून जात नाही. घागर तिथेच टाकून ती गावात जाते आणि म्हणते, मी केलेलं सर्व ज्यानं मला सांगितलं तो मनुष्य येऊन पाहा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. या बाईची मूठ उघडी पडली आणि तीच तिची साक्ष झाली.

मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं "मला तुमची कधीच ओळख नव्हती" हे वाक्य कोणाला छळत असेल, तर ते कोणाला म्हटलं आहे ते बघा. तुझ्या नावानं आम्ही केवढी अद्भुत कृत्यं केली, असं सांगत आलेल्यांना. त्यांनी कामं दाखवली.

शेवटी योहानाचा एकविसावा अध्याय. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे. कोळशांच्या विस्तवासाठीचा हा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो : इथे, आणि अठराव्या अध्यायात, जिथे येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा असताना प्रभूला नाकारतो. येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. तो आपल्या निष्ठेचा दाखला देत नाही, देऊच शकत नाही. तो म्हणतो, "प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे." ज्या ज्ञानाची त्याला धास्ती वाटायला हवी, त्याच्यावरच तो टेकतो. आणि त्याला काम मिळतं : माझी मेंढरं चार.

पौलानं करिंथकरांना लिहिलं की आता आपल्याला आरशात अंधुक दिसतं. त्या काळचे आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत, चेहरा धूसरच दिसे. मी पूर्णपणे ओळखेन, हे त्यानं भविष्यकाळात लिहिलं. माझी पूर्ण ओळख झाली आहे, हे भूतकाळात. गलतीकरांच्या पत्रात तर तो वाक्याच्या मधोमध स्वतःला दुरुस्त करतो : तुम्ही देवाला ओळखता, किंवा असं म्हणू, देवानं तुम्हाला ओळखलं आहे.

चौदाव्या दिवशी रात्री वही उघडा. ताज्या पानावर तेविसावं वचन आपल्या अक्षरात लिहा, खाली तारीख घाला. आधीच्या पानांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. रागाची दोन पानं मी फाडून चुलीत घातली. ज्या पानावर मधोमध रेघ आहे, ते अजून जपून ठेवलं आहे.